शेवटच्या हुकावरचं जाकीट

"मागे कोणी राहिलंय का?"

वाटाड्यादादाचा आवाज रांगेच्या पुढच्या टोकाकडून आला. ते टोक आता कोणालाच दिसत नव्हतं. बेटावरून निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं आणि वाळूच्या वाटेवर अर्ध्यात येईपर्यंत समुद्रावरून धुकं चालून आलं. साधंसुधं नाही, हात लांब केला तर बोटं दिसेनात असलं धुकं! दादाचा प्रश्न एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात जात रांगेच्या शेवटापर्यंत पोचला.

"शेपूट, दादा विचारतोय, मागे कोणी आहे का?" वकील ओरडला.

शेपूट म्हणजे वकीलची आतेबहीण. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आणि गोड होतं, पण सुट्टीत मामाकडे आलं की ते बॅगेतच राहायचं. डोंगर चढायचा असो, होडीत बसायचं असो, नाहीतर नुसतं वाळूत पळायचं असो, ही आपली सगळ्यांच्या मागे, कोणाचा तरी शर्ट धरून. म्हणून शेपूट. तिला पाण्याची भीती वाटायची, खेकड्यांची वाटायची, आणि आजपासून त्यात धुक्याची भर पडली होती.

मागे वळून बघायचं? तिच्या पाठीमागे सगळं पांढरंफटक होतं आणि त्यातून पाण्याचा डुबुक डुबुक आवाज येत होता. पुढे मामाचा धाकटा, कांदा, चालला होता. त्याच्या केशरी जाकिटावर तिने डोळे घट्ट रोवले आणि मान जराही न वळवता ओरडून सांगितलं, "नाही! कोणी नाही!"

"कोणी नाही... कोणी नाही..." उत्तर रांगेतून पुढे गेलं आणि रांग हलली.

वाटेत शेवटी एक ओहोळ लागायचा. पूर्ण ओहोटीलाही तिथे गळ्याइतकं पाणी असायचं. अंगातल्या जाकिटावर तरंगत, दोरी धरून तो पार करायचा. सहलीला येणाऱ्यांना त्यात फार मजा वाटायची. शेपूटने मात्र डोळे मिटून, दात आवळून, मनातल्या मनात आईला हाका मारत तो पार केला.

किनाऱ्यावरच्या सहल केंद्रात पोचल्यावर सगळ्यांनाच हुडहुडी भरली होती. केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. एका बाजूला तिकिटाची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीत ठोकलेले हुक. जाताना प्रत्येकाने हुकावरचं एक जाकीट घ्यायचं आणि परत आल्यावर त्याच हुकाला अडकवायचं. सगळे हुक भरले की माणसं सुखरूप आली असं समजायचं. ही युक्ती साहेबांची, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या काकांची. तिचा त्यांना भारी अभिमान होता.

"माणसं मोजायला गेलं की हलतात!" ते प्रत्येक सहलीच्या आधी सांगायचे. "हुक हलत नाहीत! हुक भरले, माणसं आली!"

आताही त्यांनी कमरेवर हात ठेवून भिंतीवर नजर फिरवली. "भरले! शाब्बास! वाटाड्या, तू जा घरी, कपडे बदल. नाहीतर शिंकत बसशील." वाटाड्यादादा सायकलवर टांग टाकून धुक्यात दिसेनासा झाला. बाकीची मंडळीही टॉवेल गुंडाळून एकेक करत पांगली.

शेपूट आपल्या जाकिटाचा लोंबणारा पट्टा खोचायला पुन्हा भिंतीशी गेली. तिचा हुक शेवटून दुसरा. खाली लादीवर पाण्याचं तळं साचलं होतं आणि कांदा त्यात मुद्दाम घसरगुंडी खेळत होता.

"कांद्या, पडशील!"

"पडलो तर रडेन!" कांदा म्हणाला. हे त्याला सहज जमायचं. तो मनात आणील तेव्हा, मनात आणील तेवढा वेळ, खऱ्या अश्रूंनी रडू शकायचा. म्हणून तर तो कांदा.

तो घसरत घसरत भिंतीच्या टोकापर्यंत आला आणि गचकन थांबला. "हे काय? इथे घसरतच नाही!"

शेपूटने खाली बघितलं. शेवटच्या हुकाखालची लादी कोरडी ठणठणीत होती. तिने वर बघितलं. सगळ्या जाकिटांमधून पाणी टपकत होतं. शेवटच्या जाकिटातून थेंबसुद्धा पडत नव्हता. तिने हळूच हात लावला. कोरडं! पट्टे नीट घडी घालून आत खोचलेले. वास घेतला तर बंद कपाटाचा वास.

तिने वकीलला हाताने खुणावून जवळ बोलावलं.

"वकील," ती कशीबशी म्हणाली, "ओहोळ पार न करता कोणी इकडे येऊ शकतं का?"

"उडत आलं तर," वकील केस पुसत म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्टीत वाद घालायची खोड होती. शाळेत शिक्षकसुद्धा त्याला वकीलसाहेब म्हणायचे. "का?"

"मग हे जाकीट कोरडं कसं?"

वकीलने जाकीट चाचपलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "सकाळी हे कोणी घेतलं होतं?"

शेपूटला पक्कं आठवत होतं. तिच्या शेजारच्या हुकावरचं जाकीट दुर्बीणआजोबांनी घेतलं होतं. ते एकटेच आले होते. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कापडी टोपी. जाकिटाचा पट्टा त्यांना लावता येईना, तेव्हा शेपूटनेच लावून दिला होता. ते म्हणाले होते, "मोठ्याने बोल हो पोरी. मला जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. पक्ष्यांचा आवाज ऐकून किती वर्षं झाली! म्हणून आता नुसते बघायला येतो." आणि जाकिटाला दोरीने बांधलेली शिट्टी दाखवून त्यांनी विचारलं होतं, "ही कशाला?" अडचणीत सापडलं तर फुंकायची, असं शेपूटनेच सांगितलं होतं.

बेटाच्या मागच्या बाजूला, दोन खडकांच्या मध्ये, ते दुर्बीण लावून बसले होते. वाटाड्यादादाने परत फिरायची शिट्टी वाजवली तेव्हा सगळे उठले. शिट्टीचा आवाज तर बारीक!

"त्यांना ऐकूच गेली नसणार," शेपूट म्हणाली. "वकील, ते तिकडेच आहेत. आणि मी सांगितलं, मागे कोणी नाही. मी बघितलंच नव्हतं रे! मला भीती वाटली म्हणून मी वळलेच नाही!"

वकीलने टॉवेल खाली टाकला आणि तो दाराकडे वळला.

तेवढ्यात दारातून एक आवाज आला. अगदी बारीक, लांबून, धुक्यातून गाळून आल्यासारखा. पी... पी... पी... मग थोडा वेळ शांत. पुन्हा पी... पी... पी...

तिघंही साहेबांकडे धावली. साहेब खिडकीशी उभे राहून डबा उघडत होते.

"साहेब, बेटावर दुर्बीणआजोबा राहिलेत! ऐका, शिट्टी वाजतेय!"

साहेबांनी कान दिल्यासारखं केलं. "पक्षी आहे."

"पक्षी तीन तीनदा मोजून ओरडतो?" वकीलने विचारलं.

"तू पक्ष्यांना शिकवायला जातोस का? हुक भरलेत की नाही? भरलेत! मग माणसं आली!"

"पण शेवटचं जाकीट कोरडं आहे!"

"वाळलं असेल."

"या धुक्यात? बाकीची गळताहेत आणि हे एकटंच वाळलं?"

साहेबांचे कान लाल झाले. तिकीट खिडकीतल्या मावशी मान खाली घालून तिकिटांचे गठ्ठे सारखे करत होत्या. त्यांना सगळं सारखं करायची फार हौस. खोलीतली प्रत्येक वस्तू त्यांच्या धाकात सरळ उभी असायची.

जाताना सगळे चपला-बूट बाकाखाली काढून ठेवायचे; कांदा इतक्यात तिथे शिरला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तपकिरी बुटांचा एक भलामोठा जोड होता. बुटात मोजे नीट गुंडाळून ठेवलेले. "हे कोणाचे?"

"कोणीतरी विसरलं," साहेब म्हणाले. "दर सहलीला कोणीतरी काहीतरी विसरतं."

"बूट विसरून अनवाणी घरी गेलं?" वकील म्हणाला.

आता साहेब भडकले! "हे बघा, मागच्या आठवड्यात असंच एक शहाणं पोरगं आलं होतं. समुद्रात माणूस बुडतोय म्हणे! मी भोंगा वाजवला. अख्खं गाव धावलं, बोट गेली, आणि निघालं काय? काळा टायर! अजून लोक मला 'टायर कसा आहे' म्हणून विचारतात! पुन्हा नाही हं! जा घरी!"

भोंगा खिडकीच्या आतल्या बाजूला भिंतीवर होता. लोखंडी, हँडल फिरवायचा. एकदा वाजला की केंद्र बंद झालं. तीनदा लांब वाजला की समुद्रात माणूस अडकलाय, आणि मग मदतबोटीची माणसं हातातलं काम टाकून धावत यायची. बोट चालवायचा मामा. पण मामाचं इंजिन दुरुस्तीचं दुकान धक्क्याच्या पार पलीकडच्या टोकाला होतं. तिथवर पळत जाऊन त्याला आणायचं, तर तेवढ्यात भरतीचं पाणी कुठल्या कुठे चढलं असतं.

तिघं बाहेर आली. धुक्यात पायऱ्यासुद्धा दिसत नव्हत्या. पी... पी... पी... तिघं जीव मुठीत धरून ऐकत राहिली.

आणि मग आवाज थांबला.

शेपूट वाट बघत राहिली. आता येईल, मग येईल. येईना. नुसतं पाणी वाजत होतं, आणि मघापेक्षा जवळ. तिच्या डोळ्यांपुढे ते दोन खडक आले. मधली फट खोल होती. पाणी वर यायला लागलं की आधी तीच भरणार. तिला रडू फुटलं.

"रडायचं काम माझं," कांदा दबक्या आवाजात म्हणाला, पण त्याचाही चेहरा पांढरा पडला होता.

वकीलने एकदम त्याच्याकडे बघितलं. "बरोबर बोललास! रडायचं काम तुझंच. मावशींना खिडकीतून बाहेर आणायचं. जमेल?"

"चुटकीसरशी!"

"साहेबांना मी बघतो. वाद घालतो. शेपूट, भोंगा तू वाजवायचा."

"मी?" शेपूटची बोबडी वळली. "मी नाही! साहेब ओरडतील! आणि खरंच ते घरी गेले असतील तर? पुन्हा टायर निघाला तर?"

"तर आपल्याला लोक जन्मभर टायर म्हणतील," वकील म्हणाला. "आणि ते घरी गेले नसतील तर?"

शेपूटने बाहीने डोळे पुसले.

पुढच्याच क्षणी कांद्याने पायरीवर बसकण मारली आणि असा काही टाहो फोडला, की शेपूटही क्षणभर फसली. "आई गं! माझा पाय! पाय मोडला!" मावशी धावतच बाहेर आल्या. "अगं बाई! कुठे लागलं बाळा?" तिकडे वकील बूट हातात घेऊन साहेबांच्या पुढ्यात उभा राहिला. "साहेब, समजा मी हे बूट घरी नेले, तर ती चोरी होईल की नाही? कारण मालक परत येणार आहे असं तुम्हीच म्हणताय..." साहेबांनी डबा बाजूला सारला आणि ते बोट नाचवत त्याच्याकडे वळले.

शेपूट खिडकीच्या मागच्या दारातून आत सरकली. भिंतीला धरून धरून ती भोंग्यापाशी पोचली. हँडल गार पडलेलं आणि जड. एका हाताने हलेना. दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून फिरवलं.

भों ऽ ऽ ऽ!

तो जाड, घोगरा आवाज तिच्या छातीतून आरपार गेला. "ए! ए पोरी! सोड ते!" साहेब ओरडले. तिने पुन्हा फिरवलं. भों ऽ ऽ ऽ! साहेबांचे बूट लादीवर वाजले. कोणीतरी मध्ये आडवं पडल्यासारखं झालं. तो वकील होता. "साहेब, एक मुद्दा राहिला!" तिने तिसऱ्यांदा फिरवलं, हात भरून येईपर्यंत. भों ऽ ऽ ऽ!

मग साहेबांनी तिचं मनगट धरलं. "आता... आता अख्खं गाव... पुन्हा..."

"श्श!" शेपूट म्हणाली. साहेबांना श्श! हे तिलाच खरं वाटेना.

बाहेरून, लांबून, अगदी क्षीण आवाज आला होता. पी... पी... पी...

"पक्षी," वकील म्हणाला, "भोंग्याला उत्तर देतोय वाटतं!"

साहेबांच्या हातातलं मनगट सुटलं.

मदतबोटीची माणसं आली ती खरंच हातातलं काम टाकून. बेकरीवाल्या काकांच्या कोपरापर्यंत पीठ होतं. मामा धापा टाकत आत शिरला. "काय झालं? कोण आहे पाण्यात?"

शेपूटने सांगितलं. अर्धं रडत, अर्धं अडखळत. साहेब एवढंच म्हणत राहिले, "पण हुक तर भरले होते..."

मामाने शेवटच्या हुकावरचं जाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "हे कपाटातलं आहे. इथे कोणी लावलं?"

मग दारातून मावशींचा आवाज आला. त्यांनी कांद्याचा न मोडलेला पाय अजून मांडीवर घेतला होता. "मी लावलं," त्या म्हणाल्या. "सकाळी तुम्ही सगळे गेल्यावर मी भिंत पुसली. नेहमी पुसते. मग मंडळी परत यायला लागली, हुक भरायला लागले. मध्येच बघितलं तर शेवटचा रिकामा. मला वाटलं, हा सकाळपासून रिकामाच आहे. मला ते रिकामं बघवेना हो! म्हणून कपाटातलं एक लावून टाकलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "नीट दिसावं म्हणून. आणि मघाशी बोलायचा धीरच झाला नाही."

साहेब मटकन बाकावर बसले.

"नंतर बघू ते," मामा म्हणाला. "बेटाला आधी पोचायला हवं. ते बसले होते कुठे?"

"मागच्या बाजूला, दोन खडकांच्या फटीत," शेपूट म्हणाली.

"तिथे अशा फटी ढिगाने आहेत. कुठली?"

सांगून समजण्यासारखी खूण नव्हती. एक खडक बुटासारखा होता, पण तोही एका विशिष्ट बाजूनेच. "बघितली की सांगेन," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे तिला मग कळलं.

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने एक ओलं जाकीट काढलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या अंगावर करकचून बांधलं. "माझ्या पायाशी बसायचं. हात सोडायचा नाही. आणि तुम्ही," तो वकीलकडे वळला, "भोंगा वाजवत राहा. थोडा थांबून, पुन्हा वाजवायचा. आम्ही त्या शिट्टीवर जाऊ."

बोट धुक्यात शिरली आणि मागचा किनारा पुसून गेला. वर पांढरं, खाली करडं. मध्येच एखादा काळा खडक पाण्यातून डोकं काढायचा आणि बेकरीवाले काका बांबूने बोट बाजूला रेटायचे. शेपूटने मामाची पँट दोन्ही मुठींत धरली होती. परत फिरा, असं सांगावं, असं तिला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा तिने ओठ चावला.

भों ऽ ऽ ऽ! मामाने इंजिन बंद केलं. सगळे कान टवकारून बसले.

पी... पी... पी...

"डावीकडे!"

पुन्हा इंजिन, पुन्हा भोंगा, पुन्हा शांतता. पी... पी... या वेळी दोनच. मग पुन्हा भोंगा वाजला आणि काहीच आलं नाही.

"मामा," शेपूट म्हणाली, "का नाही वाजली?"

बेकरीवाल्या काकांनी बांबू घट्ट धरला. पाणी बोटीला चापट्या मारत होतं. शेपूटला मान वर करायची नव्हती. मान वर केली की काय दिसेल, याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. मघाशी वाळूच्या वाटेवरही असंच झालं होतं. बघायचं नव्हतं, म्हणून बघितलं नव्हतं.

तिने मान वर केली.

धुक्यात एक काळा आकार होता. खाली टाच, पुढे चवडा. बूट!

"तो! तोच! त्याच्या पलीकडे!"

मामाने बोट वळवली. बुटाच्या पलीकडे, छातीपर्यंत पाण्यात, खडकाच्या कपारीला एका हाताने धरून दुर्बीणआजोबा उभे होते. दुसऱ्या हाताने त्यांनी दुर्बीण डोक्यावर उंच धरली होती. तोंडात शिट्टी होती, पण ओठ काळेनिळे पडले होते आणि फुंकायचं त्राण उरलं नव्हतं. बेकरीवाल्या काकांनी पिठाच्या हातांनी त्यांना काखेत धरून बोटीत ओढलं. मामाने ब्लँकेट गुंडाळलं. शेपूटचा जीव भांड्यात पडला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

आजोबांचे दात वाजत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि मामापुढे धरली. "ही शिट्टी बिघडलेली आहे हो! इतकी फुंकली, पण आवाजच नाही! शेवटी नाद सोडला. मग तो भोंगा ऐकू आला, तेव्हा म्हटलं, कोणीतरी आहे तिकडे, पुन्हा बघावं फुंकून."

बेकरीवाले काका आधी हसले आणि मग त्यांनी पिठाच्या मनगटाने डोळे पुसले.

धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. या वेळी टायरबद्दल कोणी काही विचारलं नाही. आजोबांना खुर्चीवर बसवून गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. साहेबांनी गुडघ्यावर बसून स्वतः त्यांच्या पायांत मोजे घातले. शेपूट गर्दीतून पुढे आली. तिला हे आत्ताच सांगायचं होतं, नाहीतर पुन्हा कधी धीर झाला नसता.

"आजोबा, मागे कोणी आहे का असं मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले. बघितलंच नाही मी."

"काय?" आजोबांनी कानाला हात लावला.

"मी मागे बघितलं नाही!"

"मोठ्याने बोल हो पोरी!"

शेपूटने श्वास घेतला आणि ती सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "मला भीती वाटली म्हणून मी मागे बघितलंच नाही! माझ्यामुळे तुम्ही तिकडे राहिलात!"

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा हात अजून बर्फासारखा होता. "आणि मग बोटीत कोण आलं?"

"मी."

"भीती वाटत नव्हती?"

"वाटत होती की! मघापेक्षा जास्त!"

"मग झालं तर," आजोबा म्हणाले.

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढी मोठी माणसं होती इथे," तो सगळ्यांकडे बघत म्हणाला, "आणि हुकाखालची लादी कोरडी आहे, हे या पोरांना दिसलं. मी बोट चालवली, बस. बाकी सगळं या तिघांनी केलं." बेकरीवाले काका टाळ्या वाजवायला लागले, तसं पीठ उडालं. साहेब उठून उभे राहिले. एरवी त्यांचा आवाज भोंग्यासारखा, पण आता कसाबसा निघाला. "वकीलसाहेब, मी हरलो. तो पक्षी नव्हता."

"एक मुद्दा अजून राहिलाय," वकील म्हणाला. "कांद्याचा पाय मोडलेला नव्हता."

"मला ठाऊक होतं," मावशी रडता रडता हसल्या. "मोडलेल्या पायाने कोणी लाथा झाडतं का?"

पुढच्या सहलीला ऊन लख्ख होतं. निघताना साहेबांनी हुकांकडे पाठ करून एकेका माणसाच्या खांद्याला हात लावून मोजलं. कोणी हललं की पुन्हा पहिल्यापासून. मावशींनी कपाटाला कुलूप घालून किल्ली मामाकडे देऊन टाकली होती. मंडळी बेटावर गेल्यावर सगळी भिंत रिकामी दिसत होती. मावशींना ते बघवत नव्हतं, पण त्या नुसत्या बघत बसल्या.

परतताना वाळूच्या वाटेवर वाटाड्यादादा थांबला. "मागे कोणी राहिलंय का?" प्रश्न एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात शेवटापर्यंत आला. शेवटी शेपूटच होती. वकीलने तिला मध्ये घ्यायचा खूप प्रयत्न केला होता, पण ती म्हणाली होती, "नको. शेवटी मीच."

तिला भीती वाटली, नेहमीसारखीच. मागे पाणी डुबुक डुबुक वाजत होतं. तिने कांद्याचं जाकीट सोडलं आणि ती पूर्ण वळली. वाळू बघितली, खडक बघितले, मग पुन्हा वाळू बघितली.

"थांबा!" ती ओरडली. "दुर्बीणआजोबा येताहेत अजून!"

आजोबा आपल्याच नादात, आकाशाकडे बघत, सावकाश चालत येत होते. ते पोचेपर्यंत सगळी रांग वाटेवर चढलेल्या गुडघाभर पाण्यात उभी राहिली.